किरणोत्सर्ग मोजणाऱ्या दुर्मीळ मृदायुक्त काचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोडियम आयोडाइडसारखे उत्तम स्फटिक असताना काचेच्या वाटेला का जायचे?

किरण पडल्यावर निघणाऱ्या प्रकाशाच्या हिशेबात काच स्फटिकाच्या जवळपासही येत नाही, हे आधी मान्य करावे. थॅलियमयुक्त सोडियम आयोडाइड दर एमइव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेमागे सुमारे ३८,००० फोटॉन देतो. सिरियमयुक्त लिथियम सिलिकेट काच गॅमासाठी सुमारे ४,००० देते. तरीही काच टिकून आहे, आणि त्याला कारणे आहेत. काच हवी त्या आकारात ओतता येते, तिचे तंतू ओढता येतात, सिलिकेट काचेला ओलाव्याचे भय नसते, आणि स्फटिक वाढवायला लागणारे आठवडे इथे तासांवर येतात. मुख्य म्हणजे घटकांचे प्रमाण हाताशी असते. लिथियम, बोरॉन, गॅडोलिनियम यांपैकी जे हवे ते भरपूर घालता येते. न्यूट्रॉन पकडण्यासाठी हे स्वातंत्र्य फार मोलाचे आहे.

सिरियमयुक्त काचेची सिंटिलेटर (किरण पडताच चमकणारा पदार्थ) म्हणून सुरुवात १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत झाली. २००८-०९ च्या सुमारास हीलियम-३ चा जगभर तुटवडा पडला आणि न्यूट्रॉनसाठी या काचांकडे पुन्हा लक्ष गेले.

किरण काचेत शिरला की आत नेमके काय होते?

किरण आपली ऊर्जा इलेक्ट्रॉन मोकळे करण्यात खर्च करतो. मागे होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, राहतात. हे दोघे काचेच्या जाळ्यात भटकतात आणि पुढे त्यांचे काय होते त्यावर डिटेक्टरचा प्रकार ठरतो.

दोघे लगेच दुर्मीळ मृदेच्या (सिरियम, टर्बियम यांसारख्या मूलद्रव्याच्या) आयनावर भेटले तर त्याच क्षणी उजेड पडतो. हे सिंटिलेशन. वाटेतल्या एखाद्या सापळ्यात अडकले तर तिथेच बसून राहतात. नंतर काच तापवली की सुटतात आणि तेव्हा उजेड देतात. हे थर्मोल्युमिनेसन्स, म्हणजे टीएल. उष्णतेऐवजी प्रकाश टाकून सोडवले तर ते ओएसएल (ऑप्टिकली स्टिम्युलेटेड ल्युमिनेसन्स). चौथी शक्यता अशी की आयनाची संयुजाच बदलते, नवे केंद्र कायमचे तयार होते आणि अतिनील प्रकाश टाकला की ते चमकते. याला रेडिओफोटोल्युमिनेसन्स म्हणतात. या गटातली सर्वांत यशस्वी काच चांदीयुक्त फॉस्फेटची आहे. तिच्यात दुर्मीळ मृदा नाही, तरी तुलनेसाठी ती लक्षात ठेवावी. वाचन केल्याने तिचा संकेत पुसला जात नाही, कितीही वेळा वाचता येते.

गंमत अशी की सिंटिलेटरला सापळे नको असतात आणि टीएल काचेला तेच हवे असतात. एकाच काचेकडून दोन्ही कामे उत्तम होतील अशी आशा धरू नये.

कोणते मूलद्रव्य कशासाठी घालावे?

वेग हवा असेल तर सिरियम. त्रिसंयुजी सिरियमचा उजेड इलेक्ट्रॉन ५डी पातळीतून ४एफ मध्ये येताना पडतो. हे संक्रमण पुंजनियमांना मान्य असल्यामुळे दहा ते शंभर नॅनोसेकंदांत आटोपते. त्याचा पट्टा रुंद असतो आणि काचेप्रमाणे सरकतो: फॉस्फेटमध्ये साधारण ३५० नॅनोमीटर, लिथियम सिलिकेटमध्ये ३९५ च्या आसपास. ५डी पातळी आजूबाजूच्या ऑक्सिजनच्या थेट प्रभावाखाली असते, म्हणून हा फरक पडतो.

बाकीच्यांचे ४एफ ते ४एफ संक्रमण बाहेरच्या कवचांनी झाकलेले असते. रेषा अरुंद येतात आणि काच बदलली तरी जागा फारशी सोडत नाहीत. टर्बियम ५४३ नॅनोमीटरला हिरवा, युरोपियम ६१२ ला लाल, सॅमॅरियम ६०० ला नारिंगी, डिस्प्रोसियम ४८० ला निळा आणि ५७५ ला पिवळा. या सगळ्यांचा उजेड विझायला मिलिसेकंदांच्या घरात वेळ लागतो. म्हणून एकेक कण मोजायला ते कुचकामी. पण क्ष-किरणांची प्रतिमा घ्यायची असेल तर टर्बियम उत्तम, कारण कॅमेऱ्याच्या सिलिकॉन संवेदकाला ५४३ चा प्रकाश चांगला दिसतो. टर्बियमयुक्त काचतंतूंच्या चकत्या याच कामासाठी बनतात.

डिस्प्रोसियम टीएलचा राजा आहे. गॅडोलिनियम स्वतः ३१२ नॅनोमीटरला चमकते, पण त्याचे खरे काम मध्यस्थाचे. ऊर्जा गोळा करून ते सिरियम किंवा टर्बियमच्या हाती देते, शिवाय काचेची घनता वाढवते. युरोपियमचा आणखी एक उपयोग निदानासाठी होतो: ६१२ आणि ५९२ च्या रेषांच्या तीव्रतेचे गुणोत्तर काढले की आयनाभोवतीची रचना किती वाकडी आहे ते समजते. गुणोत्तर जितके मोठे तितकी सममिती कमी.

आमच्या काचेचा पीएल (फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे प्रकाश टाकून मिळणारा उजेड) वर्णपट फार चांगला आला. ती डिटेक्टर म्हणून चालेल ना?

नाही, तेवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. या क्षेत्रात सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

३५० किंवा ३९४ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला तर तुम्ही आयनाला थेट उत्तेजित करता. काचेचा त्यात काही संबंध येत नाही. किरणोत्सर्गात मात्र जवळजवळ सगळी ऊर्जा आधी काचेलाच मिळते, कारण वजनाने ९५ टक्क्यांहून जास्त तीच असते. तिथून ती आयनापर्यंत पोहोचायला हवी. काचेची रचना अस्ताव्यस्त असल्यामुळे वाटेत पावलोपावली सापळे असतात. पीएलमध्ये झगझगणारी काच क्ष-किरणांखाली अंधारी राहते ती यामुळे. कारण समजून न घेता डोपंट (काचेत थोडेसे मिसळलेले मूलद्रव्य) बदलत राहण्यात वर्षे जातात. दोष बहुधा आयनाचा नसतो, काचेचा असतो.

कमीत कमी इतके तरी करावे. क्ष-किरण नळीखाली, साधारण ४० ते ५० केव्हीवर, वर्णपट घ्यावा. त्याच मांडणीत, त्याच जाडीचा बिस्मथ जर्मेनेटचा तुकडा ठेवून त्याचाही घ्यावा आणि दोन्ही वक्रांखालच्या क्षेत्रफळांची तुलना द्यावी. टीएल काच असेल तर पीएल बाजूला ठेवून सरळ ग्लो-कर्व्ह (तापमानानुसार उजेडाचा आलेख), किरणोत्सर्गाच्या मात्रेनुसार बदल आणि फेडिंग (ठेवून दिल्यावर संकेतात होणारी घट) मोजावे. या तीन आकृत्या नसतील तर शीर्षकात ‘डोसिमीटर’ (मात्रामापक) शब्द घालू नये.

न्यूट्रॉनसाठी लिथियम काच कशी काम करते? जाडी किती हवी?

लिथियम-६ चा अणुगर्भ मंद न्यूट्रॉन गिळतो आणि फुटतो. २.०५ एमइव्हीचा अल्फा आणि २.७३ एमइव्हीचा ट्रायटॉन (हायड्रोजन-३ चा अणुगर्भ) विरुद्ध दिशांना सुटतात, एकूण ४.७८ एमइव्ही. अल्फा काचेत काही मायक्रोमीटर जातो, ट्रायटॉन सुमारे ४०. म्हणजे ऊर्जा जागच्या जागी पडते आणि आलेखावर सुटा उंचवटा दिसतो.

निसर्गातल्या लिथियममध्ये लिथियम-६ फक्त सुमारे ७.६ टक्के असते, म्हणून ९५ टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले लिथियम वापरतात. ‘जीएस२०’ या प्रचलित काचेत वजनाने साधारण ६.६ टक्के लिथियम आहे आणि घनता २.५ आहे. त्यातून दर घनसेंटिमीटरला सुमारे १.५७ × १०^२२ लिथियम-६ अणू निघतात. ०.०२५ इव्हीच्या न्यूट्रॉनसाठी छेद, म्हणजे अणुगर्भाने न्यूट्रॉन पकडण्याच्या शक्यतेचे माप, ९४० बार्न (एक बार्न म्हणजे १०^-२४ चौरस सेंटिमीटर). गुणाकार केला की शोषण गुणांक दर सेंटिमीटरला १४.८ येतो. म्हणून १ मिलिमीटर काच ७७ टक्के न्यूट्रॉन अडवते आणि २ मिलिमीटर ९५ टक्के. त्यापुढे जाडी वाढवून न्यूट्रॉन फारसे वाढत नाहीत, फक्त गॅमाचा गोंधळ वाढतो.

मग गॅमा कसा वेगळा काढायचा?

पहिला उपाय जाडीचाच. गॅमाने सोडलेला इलेक्ट्रॉन मिलिमीटर-दोन मिलिमीटर धावतो, त्यामुळे पातळ काचेतून तो बरीच ऊर्जा न देताच बाहेर पडतो. न्यूट्रॉनची पूर्ण ऊर्जा मात्र पातळ काचेतही आतच राहते.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. जड कणांचा उजेड इलेक्ट्रॉनच्या मानाने कमी पडतो. म्हणून ४.७८ एमइव्हीचा न्यूट्रॉन उंचवटा गॅमाच्या मापात १.६ एमइव्हीच्या आसपास दिसतो. सीझियम-१३७ चा ६६२ केइव्हीचा गॅमा त्याच्या खाली राहतो आणि सीमारेषा ठेवून सहज कापता येतो. थोरियम मालिकेतला २.६१ एमइव्हीचा गॅमा मात्र नेमका उंचवट्याच्या खाली घुसतो. अशा ठिकाणी १ मिलिमीटरहून पातळ काच घ्यावी, किंवा शेजारी लिथियम-७ ची तशीच काच लावून तिची मोजणी वजा करावी.

गॅडोलिनियमचा छेद तर याहून कितीतरी मोठा आहे. तेच का घालू नये?

नैसर्गिक गॅडोलिनियमचा छेद सुमारे ४९,००० बार्न आहे हे खरे. पण न्यूट्रॉन पकडल्यावर ते मुख्यतः गॅमा आणि कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन देते. ते पार्श्वभूमीच्या गॅमापासून वेगळे ओळखता येत नाहीत. प्रतिमा घेण्यासाठी चालेल, मोजणीसाठी लिथियमच घ्यावे.

डिस्प्रोसियमयुक्त लिथियम बोरेट काच प्रयोगशाळेत कशी ओतायची?

उदाहरण म्हणून २० ग्रॅम काच घेऊ. मोल टक्के: बोरॉन ऑक्साइड ६६.६, लिथियम ऑक्साइड ३३.३, डिस्प्रोसियम ऑक्साइड ०.१. बोरॉन बोरिक आम्लाच्या आणि लिथियम कार्बोनेटच्या रूपात घातले तर वजने अशी येतात:

बोरिक आम्ल २९.०५५ ग्रॅम
लिथियम कार्बोनेट ८.६८१ ग्रॅम
डिस्प्रोसियम ऑक्साइड ०.१३२ ग्रॅम

एकूण ३७.८७ ग्रॅम भरले की काच २० ग्रॅमच मिळते. १२.७ ग्रॅम पाणी आणि ५.२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. ही वायूंची आवकजावक लक्षात न घेणारा मूस काठोकाठ भरतो, आणि मिश्रण फेसाळून भट्टीच्या तळावर सांडते. मूस तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरू नये.

डिस्प्रोसियम ऑक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरते, म्हणून ८०० ते ९०० अंशांवर दोन तास भाजून, डेसिकेटरमध्ये थंड करून मगच तोलावे. तराजू ०.१ मिलिग्रॅमचा हवा. यापेक्षा कमी डोपंट हवा असेल तर थेट तोलू नये: जास्त डोपंटची एक काच करून, ती कुटून, साध्या काचेत मिसळून पुन्हा वितळवावी.

अगेटच्या खलात अर्धा तास तरी खलावे. मूस प्लॅटिनमची, त्यातही ५ टक्के सोने असलेली मिळाली तर सोन्याहून पिवळे, कारण लिथियम बोरेटचा रस तिला चिकटत नाही. एक्सआरएफच्या (क्ष-किरण प्रतिदीप्तीने मूलद्रव्ये ओळखणाऱ्या) प्रयोगशाळा याच कारणाने ती वापरतात. अल्युमिनाची मूस चालते, पण रस तिचा थोडा भाग खातो आणि काचेत अल्युमिनियम येते. ते प्रबंधात नोंदवावे.

मिनिटाला ५ अंशांनी तापवत २५० अंशांवर एक तास, मग ७०० वर एक तास थांबावे. पहिल्या थांब्यात पाणी जाते, दुसऱ्यात कार्बोनेट. त्यानंतर १०५० अंशांवर ३० ते ४५ मिनिटे, मधूनमधून चिमट्याने मूस गोल हलवत. बुडबुडे संपले आणि रस पाण्यासारखा स्वच्छ दिसू लागला की तयार. त्याहून जास्त वेळ ठेवला तर बोरॉन उडत राहते आणि प्रमाण बिघडते.

ओतताना पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची पाटी ३०० ते ३५० अंशांवर गरम असावी. रस नारिंगी दिसतो, पाटीवर पडताच त्याची धार मधासारखी जाड होते आणि चार-पाच सेकंदांत कडा पारदर्शक होऊन मध्यभाग तेवढा लाल राहतो. याच वेळी दुसरी गरम पाटी वरून ठेवून दाबले तर एकसारखी, मिलिमीटरभर जाडीची चकती मिळते. चकती लगेच ४५० अंशांच्या भट्टीत सरकवावी, दोन तास ठेवावी आणि मिनिटाला एक अंशाने उतरवावी. या काचेचे मऊ पडण्याचे तापमान ४९० अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे ४५० वर ताण सुटतो पण आकार बिघडत नाही.

काच दुधाळ झाली, तडकली किंवा काही दिवसांनी चिकट झाली. कुठे चुकले?

दुधाळपणा म्हणजे बहुधा स्फटिकीभवन. लिथियम टेट्राबोरेट हळू थंड केले की पटकन स्फटिक बनते. पाटी फार गरम होती, थर जाड होता, किंवा ओतायला उशीर होऊन रस मुशीतच थंडावला, यांपैकी एक. क्ष-किरण विवर्तनात टोकदार शिखरे दिसली तर खात्री पटते. काही वेळा न विरघळलेल्या ऑक्साइडचे पांढरे ठिपके असतात. ते विखुरलेले दिसतात आणि पुन्हा कुटून वितळवल्यास जातात.

ओतताच तडकली तर पाटी थंड होती. दुसऱ्या दिवशी, कपाटात ठेवलेली असताना तडकली तर अनीलिंग (तापवून ठेवून हळूहळू थंड करणे) अपुरे होते. दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात धरून त्यांच्यामध्ये चकती पाहावी: उजळ पट्टे दिसले तर ताण शिल्लक आहे.

चिकटपणा हा बोरेटचा स्वभाव. पावसाळ्यात कोकणपट्टीत उघड्यावर ठेवलेली चकती काही दिवसांत पांढुरकी पडते. ५ ते १० मोल टक्के अल्युमिनियम ऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड घातल्यास बराच फरक पडतो. तुकडे पाण्याने धुऊ नयेत. पॉलिश करताना पाण्याऐवजी तेल किंवा निर्जल अल्कोहोल वापरावे.

डोपंट जास्त घातला तर उजेड जास्त मिळेल ना?

एका मर्यादेपर्यंतच. आयन एकमेकांजवळ आले की ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते आणि शेवटी एखाद्या दोषावर किंवा पाण्याच्या अंशावर जाऊन विझते. डिस्प्रोसियम आणि सॅमॅरियममध्ये हे लवकर सुरू होते, बहुतेक काचांत १ मोल टक्क्याच्या आतच. टर्बियम बरेच जास्त सहन करते. काचेतले हायड्रॉक्सिल गटही उजेड खातात, म्हणून कच्चा माल कोरडा असणे आणि रस पुरेसा वेळ ठेवणे महत्त्वाचे. इन्फ्रारेड वर्णपटात ३४०० ते ३५०० प्रतिसेंटिमीटरजवळचा पट्टा पाहून किती पाणी उरले ते ताडता येते.

डोसिमीटरसाठी दुसरे एक बंधन आहे, आणि त्याकडे फारच कमी जण पाहतात. लिथियम बोरेटची मोठी कीर्ती ही की तिचा प्रभावी अणुक्रमांक (सगळ्या घटकांचा मिळून धरलेला अणुक्रमांक) सुमारे ७.३ आहे आणि शरीराच्या ऊतीचा ७.४. पण डिस्प्रोसियमचा अणुक्रमांक ६६. नेहमीच्या २.९४ घातांकाच्या सूत्राने हिशेब केला तर ०.०५ मोल टक्के डिस्प्रोसियम ऑक्साइडला हा आकडा १० वर, ०.१ ला सुमारे १२ वर आणि ०.५ ला थेट १९ वर जातो. म्हणजे अर्धा टक्का डोपंट घातल्यावर ‘ऊतीसमान’ हे विशेषण गळून पडते, आणि निदानासाठीच्या क्ष-किरणांना काच खऱ्यापेक्षा जास्त मात्रा दाखवू लागते. उजेड थोडा कमी मिळाला तरी चालेल, डोपंट कमी ठेवावा.

सिरियमची काच पिवळी का होते?

कारण सिरियम चतुःसंयुजी झाले. हवेत वितळवलेल्या काचेत त्याचा मोठा वाटा या रूपात जातो. ते स्वतः चमकत नाहीच, वर अतिनीलपासून दृश्य प्रकाशाच्या कडेपर्यंत शोषण करते आणि त्रिसंयुजी सिरियमने दिलेला उजेडही गिळते. चकती पांढऱ्या कागदावर ठेवून आडव्या कडेने पाहावी. सपाट बाजूने रंगहीन वाटणारी काच कडेने लिंबाच्या सालीसारखी दिसली, तर तिचा सिंटिलेशनचा उजेड घटलेला असणार हे न मोजताही सांगता येते.

उपाय क्षपणाचा, म्हणजे ऑक्सिजन काढून घेणाऱ्या वातावरणात वितळवण्याचा. लहान मूस मोठ्या मुशीत ठेवावी, मधल्या जागेत कोळशाची पूड भरावी आणि वर झाकण लावावे. कोळसा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइडचे वातावरण तयार होते. भट्टी धुराड्याखालीच हवी, हा वायू जीवघेणा आहे. नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून देणारी भट्टी असेल तर ते अधिक चांगले.

इथे एक महागडी चूक होते. क्षपणाच्या वातावरणात प्लॅटिनमची मूस वापरू नये, फॉस्फेट काचेसाठी तर मुळीच नाही. फॉस्फरस मोकळा होऊन प्लॅटिनमशी मिसळतो आणि हे मिश्रण ५८८ अंशांनाच वितळते. मुशीला भोक पडते. अशा वेळी अल्युमिना किंवा ग्रॅफाइट वापरावे.

टीएल मोजताना काय काळजी घ्यावी?

तुकडे एकसारखे करावेत: साधारण ३ × ३ × ०.८ मिलिमीटर. प्रत्येकाचे वजन नोंदवून संकेत दर मिलिग्रॅमला भागून द्यावा. काच उष्णता नीट वाहून नेत नाही. जाड तुकड्याचा वरचा भाग तापवणाऱ्या तव्याच्या तापमानाच्या मागे राहतो आणि शिखर खोटेच उजवीकडे सरकते. तापवण्याचा वेग सेकंदाला ५ अंश ठेवण्याची पद्धत आहे, पण काचेसाठी २ अंश जास्त भरवशाचे.

कुटून पूड वापरायची असेल तर १०० ते २०० मायक्रोमीटरची चाळून घ्यावी. कुटण्याने काही संकेत आपोआप तयार होतो, तो मात्रेचा नसतो. म्हणून आधी कुटावे, मग अनीलिंग करावे, मग मात्रा द्यावी. हा क्रम उलटला तर सगळे वाया. वाचनाच्या वेळी शुद्ध नायट्रोजनचा प्रवाह हवा, नाहीतर पृष्ठभागावरचा ऑक्सिजन खोटा उजेड देतो. ३५० अंशांच्या वर तव्याचा स्वतःचा लालसर उजेड मिसळू लागतो. प्रत्येक तुकड्याचे लगेच दुसरे वाचन घ्यावे आणि पहिल्यातून वजा करावे.

पुन्हा वापरण्यापूर्वी ४०० अंशांवर एक तास अनीलिंग पुरते. याच काचेला ४९० अंशांजवळ नेले तर मऊ पडण्याची भीती. दर वेळी थंड करण्याची पद्धत तीच ठेवावी. एकदा भट्टीत हळू आणि एकदा बाहेर काढून झटकन, असे केले तर सापळ्यांची संख्या बदलते आणि संवेदनशीलता हलते. निदान दहा फेऱ्या करून एकच मात्रा एकच वाचन देते का ते तपासावे.

सर्वांत लहान मोजता येणारी मात्रा काढताना मात्रा न दिलेले दहा तुकडे वाचावेत. त्यांची सरासरी अधिक प्रमाण विचलनाची तिप्पट ही सीमा. तिच्या खालची वाचने देऊ नयेत.

मात्रा कुठे आणि कशी द्यायची?

आपल्याकडे अनेक विद्यापीठांत आणि संस्थांत कोबाल्ट-६० चा गॅमा चेंबर असतो. ‘गॅमा चेंबर ५०००’ हा नवी मुंबईच्या वाशीतील ब्रिटचा (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) आहे. त्याच्या कक्षाचे आकारमान ५००० घनसेंटिमीटर. कोबाल्टचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे, म्हणून मात्रेचा वेग महिन्याला १.१ टक्क्याने उतरतो. दारावरच्या पाटीवर वर्षापूर्वीचा आकडा असेल तर तो तसाच वापरल्यास १२ टक्क्यांची चूक नक्की.

नमुना खाली जाताना आणि वर येतानाही त्याला मात्रा मिळते. मोठ्या मात्रेत ही नगण्य, पण एक ग्रेच्या (ग्रे हे शोषलेल्या मात्रेचे एकक) खालच्या मात्रेत तीच मुख्य होऊन बसते. शून्य वेळेची एक फेरी करून ती मोजावी. लहान मात्रा मुळात अशा यंत्रात देऊच नयेत. त्यासाठी रुग्णालयातील टेलीथेरपी यंत्र किंवा मापनशाळेचा स्रोत बरा. तुकड्यांभोवती साधारण ५ मिलिमीटर अॅक्रिलिक असावे, नाहीतर इलेक्ट्रॉनचा समतोल साधत नाही आणि वाचन कमी येते.

‘१० किलोग्रेपर्यंत रेषीय’ असे गुणधर्म कोणाच्या कामाचे?

मात्रा मोजणारा बॅज लावून काम करणाऱ्याच्या कामाचे नाहीत, कारण त्याला मिलिसिव्हर्टच्या अंशांत रस असतो. पण लासलगावच्या अन्न-विकिरण केंद्रासारख्या ठिकाणी जरूर आहेत. कांद्याचे कोंब रोखायला ३० ते ९० ग्रे लागतात आणि अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे. तुमची काच कोणत्या कामासाठी आहे ते आधी ठरवावे आणि त्याच पट्ट्यात मोजमापे घ्यावीत. दुहेरी लॉग आलेखावर उतार १ असेल तरच रेषीय म्हणावे. नुसता सरळ रेषेत दिसणारा आलेख पुरेसा नाही.

भारतातल्या टीएलडी (टीएल डोसिमीटर) बॅजमध्ये ही काच असते का?

नाही. त्यात डिस्प्रोसियमयुक्त कॅल्शियम सल्फेटची पूड टेफ्लॉनमध्ये मिसळून केलेल्या तीन चकत्या असतात, प्रत्येकी १३.३ मिलिमीटर व्यासाच्या आणि ०.८ मिलिमीटर जाड. ही पद्धत भाभा अणुसंशोधन केंद्राने १९७० च्या दशकात आणली. एक चकती धातूच्या गाळणीखाली, एक प्लास्टिकखाली, एक उघडी. तिघींच्या वाचनांच्या गुणोत्तरावरून किरण कोणत्या जातीचा ते कळते. कॅल्शियम सल्फेट ऊतीसमान नाही, तिचा प्रभावी अणुक्रमांक १५ च्या घरात आहे, म्हणून गाळण्यांची ही सोय. काम करणाऱ्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी ३० पेक्षा जास्त नाही.

नव्या काचेची तुलना याच चकतीशी करावी. उजेड तिच्या शंभराव्या हिश्श्याला आला तरी तो आकडा प्रामाणिकपणे द्यावा.

ठेवून दिलेल्या काचेचा संकेत कमी होतो. का?

उथळ सापळे खोलीच्या तापमानालाच रिकामे होतात. १०० अंशांखाली शिखर असेल तर ते काही तासांत जाते, म्हणून वाचनाआधी १०० अंशांवर १० मिनिटे तापवून ते पुसून टाकावे. काचेत सापळ्यांची खोली एकसारखी नसते, रुंद पसरलेली असते, त्यामुळे फेडिंग स्फटिकापेक्षा जास्त दिसते. दुसरे कारण प्रकाश. मात्रा दिल्यापासून तुकडे काळ्या कागदात हवेत, खिडकीतल्या उन्हात काही मिनिटेही नकोत. मोजणी १ तास, १ दिवस, १ आठवडा आणि १ महिन्याने करावी. एका दिवसाच्या आकड्यावरून महिन्याचा अंदाज बांधू नये.

मोठ्या मात्रेनंतर काच तपकिरी पडली. खराब झाली का?

त्या रंगाला वर्णकेंद्रे कारण आहेत. ती उजेड शोषतात, म्हणून वाचन कमी येते आणि मात्रेचा आलेख वरच्या टोकाला वाकतो. ४०० अंशांच्या अनीलिंगने रंग बहुतेक जातो. अणुकेंद्रांतल्या हॉट सेलच्या (तीव्र किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्याच्या बंद खोल्यांच्या) काचेच्या खिडक्यांत मुद्दाम सिरियम घालतात ते हा रंग टाळायलाच: चतुःसंयुजी सिरियम इलेक्ट्रॉन आणि त्रिसंयुजी सिरियम होल पकडून घेते आणि वर्णकेंद्रे बनू देत नाही.

स्रोत नसतानाही मोजणी दिसते. कुठून येते?

काचेतूनच. ल्युटेशियममध्ये २.६ टक्के ल्युटेशियम-१७६ असते आणि ते स्वतः किरणोत्सर्गी आहे. ल्युटेशियमच्या दर ग्रॅमला सेकंदाला सुमारे ५० विघटने. पोटॅशियम घातले असेल तर पोटॅशियम-४०. दुर्मीळ मृदा मोनाझाइट वाळूतून येतात आणि मोनाझाइटमध्ये थोरियम असते. कमी शुद्धतेच्या सिरियममध्ये त्याचा अंश राहतो आणि अल्फाची पार्श्वभूमी देतो. कमी मोजणीच्या कामाला ९९.९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध ऑक्साइड घ्यावे आणि थोरियमचा आकडा विक्रेत्याकडून वेगळा मागावा. शिवाय फोटोमल्टिप्लायर (क्षीण उजेड मोजणारी नळी) उजेडात उघडा पडला असेल तर काही तास अंधारात ठेवूनच मोजणी सुरू करावी.

सॅमॅरियमची काच मात्रा कशी लक्षात ठेवते?

किरणोत्सर्गाने त्रिसंयुजी सॅमॅरियमचा काही भाग द्विसंयुजी होतो. पहिल्याचा उजेड ६०० च्या आसपास, दुसऱ्याचा ६८० च्या पुढे. दोन्हींचे गुणोत्तर काढले की काचेची जाडी किंवा दिव्याची तीव्रता यांचा प्रश्नच उरत नाही. केसाएवढ्या रुंदीच्या क्ष-किरण पट्ट्यांनी उपचार करण्याच्या संशोधनात, कॅनडातील सास्काटून येथे, अशा फ्लुओरोफॉस्फेट काचा सूक्ष्मदर्शकाखाली वाचून मात्रेचा नकाशा काढला जातो. गोळीएवढा आयनीकरण कक्ष (हवेतल्या आयनांवरून मात्रा मोजणारे उपकरण) जिथे निरुपयोगी, तिथे ही काच मायक्रोमीटरमध्ये बोलते.

प्रयोगानंतर काच किरणोत्सर्गी राहते का?

कोबाल्ट-६० किंवा क्ष-किरणांनी नाही. ती लगेच हाताळता येते. न्यूट्रॉनने मात्र राहते, आणि किती काळ ते डोपंटवर ठरते. डिस्प्रोसियम-१६५ चे अर्धायुष्य २.३ तास, म्हणजे दोन दिवस ठेवले की प्रश्न मिटतो. सॅमॅरियम-१५३ ला ४६ तास, दोन-तीन आठवडे लागतात. युरोपियम-१५२ चे मात्र १३.५ वर्षे. अणुभट्टीत न्यायच्या काचेत युरोपियम शक्यतो घालूच नये. घातले असेल तर परत आलेले तुकडे आधी सर्व्हे मीटरने तपासावेत, वर तारीख आणि मूलद्रव्य लिहावे, आणि संस्थेच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याच्या नोंदवहीत चढवूनच शिशाच्या पेटीत ठेवावेत.